कंटेनरने चालढकल केली! इंग्रजीचे वरच्या पातळीचे शब्द शिकायला निघालेल्यांसाठी

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यात कार्यालयात मी कागदपत्रं बघायचे, तेव्हाची गोष्ट. न्हावा-शेवा बंदरात आमचा कंटेनर दोन दिवस अडकला होता. हॉलंडच्या खरेदीदाराला तसं मेलने कळवायचं होतं. त्या आठवड्यात 'डिलेड' शब्द चार वेळा वापरून झाला होता, म्हणून मी थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा इंग्रजी कोश, उघडला. 'डिले'च्या खाली 'प्रोक्रॅस्टिनेट' दिसला. शब्द भारदस्त वाटला आणि मी ठोकून दिला: द कंटेनर वॉज प्रोक्रॅस्टिनेटेड ॲट द पोर्ट. तासाभरात एका ओळीचं उत्तर आलं. 'हू प्रोक्रॅस्टिनेटेड?' म्हणजे, चालढकल कोणी केली?

उशीर कंटेनरला होऊ शकतो, चालढकल माणूसच करतो. थिसॉरसच्या यादीत हे दोन शब्द मांडीला मांडी लावून बसलेले असतात, पण त्यांच्या मधे काय आहे ते यादी सांगत नाही. पुढची चार वर्षं मी त्या 'मधल्या' गोष्टीच शिकत गेले. माझं शिक्षण निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी माध्यमातून झालं. नाशिकला कॉलेजात आले तेव्हा इंग्रजी वाचता यायचं, बोलताना घाम फुटायचा. तुम्ही त्याच वाटेवर असाल तर माझ्याइतके वळसे घेऊ नका, म्हणून हे लिहितेय.

या लेखातले इंग्रजी शब्द मी देवनागरीतच ठेवलेत. कोशात शोधताना स्पेलिंगचा अंदाज तुम्ही बांधा. चुकलात तरी ऑनलाइन कोश जवळचे शब्द सुचवतो, आणि एकदा चुकून सापडलेला शब्द सहसा विसरत नाही.

१. शब्द कशासाठी हवेत, ते आधी ठरवा

हे न ठरवता यादी पाठ करायला बसणं म्हणजे कुठे जायचं ते न बघता नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवर समोर येईल त्या एसटीत चढणं.

केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेत पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण असतात. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण जातो. तिथे समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहाबद्दल एक शब्द हे सरळ विचारतात, त्यामुळे शब्द ओळखता आला की काम झालं. परदेशी जाणाऱ्यांचं इंग्रजी तपासणाऱ्या आयईएल्ट्समध्ये असं कोणी विचारत नाही. तिथे लेखन आणि बोलणं तपासताना चार निकष असतात, त्यातला एक शब्दसंपत्तीचा, आणि त्यात शब्द नेमक्या जागी पडला का ते बघतात. म्हणजे ओळखून भागत नाही, वापरता यावा लागतो. परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेने २०११ साली विरुद्धार्थी शब्दांचे थेट प्रश्न काढून टाकले. आता तिथे वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते. तरी जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याआधीच्या जाडजूड याद्या 'जीआरईसाठी खास' म्हणून अजून मिळतात. घेण्याआधी आतलं साल बघा.

नोकरीसाठी शिकत असाल तर तुमच्या कामाचे शब्द आधी. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात क्वालिटी विभागात असलेल्याला 'डिस्क्रेपन्सी', 'डीव्हिएशन', 'रेक्टिफाय' रोज लागतील. 'मेलिफ्लुअस', म्हणजे मधाळ आवाजाचा, लागायला बराच काळ जाईल.

२. सामानसुमान

फार काही लागत नाही:

- दोनशे पानी लांब वही, एक.
- जाड कार्डपेपर. मेनरोडवरच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मोठा ताव घ्या आणि तिथेच पत्त्याएवढे तुकडे कापून मागा.
- कार्डं ठेवायला तीन डबे. माझ्याकडे द्राक्षाची रिकामी पनेट होती, अर्ध्या किलोची, प्लास्टिकची. तीच वापरली.
- लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन तिन्हींचे असे कोश इंटरनेटवर फुकट आहेत.
- मोबाइलवर कार्डं करायची असतील तर अंकी हे ॲप. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात.

परीक्षा द्यायची असेल तर कागदांचं आधी बघा. आयईएल्ट्सला ओळखपत्र म्हणून पासपोर्ट लागतो, आधार चालत नाही. माझ्या मैत्रिणीची सगळी तयारी झाली होती, पण पासपोर्टच काढलेला नव्हता. एक फेरी हुकली.

अभ्यासाला जागा नसेल तर सार्वजनिक वाचनालय आहे. १८४० सालचं. नाशिककर त्याला 'सावाना' म्हणतात. सभासद व्हायला काय लागतं ते काउंटरवर विचारून घ्या. मोठे, महागडे कोश घरी घ्यायची गरज नाही, ते अशा ठिकाणी बसून चाळायचे असतात.

क्लासबद्दल एवढंच सांगते: 'तीस दिवसांत पाच हजार शब्द' अशी पाटी लावलेल्या एका ठिकाणी मी साडेचार हजार रुपये भरले होते. तीस दिवसांत पाच हजार म्हणजे दिवसाला एकशे सहासष्ट. हा भागाकार मी पैसे भरल्यावर केला.

३. यादी आणा, मग तिची विरळणी करा

ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना हे सांगायला नको. घडात मणी गच्च ठेवले तर एकही धड फुगत नाही. मणी विरळ करावे लागतात, आणि पहिल्या वर्षी ते करताना जीव तुटतो. शब्दांच्या यादीचंही असंच आहे.

सुरुवात ऑक्सफर्ड ३००० या यादीने करा. रोजच्या इंग्रजीचे तीन हजार महत्त्वाचे शब्द त्यात आहेत. प्रामाणिकपणे खुणा करत जा. मला वाटलं होतं, हे सगळं येतंच. मग 'हार्डली' हा शब्द 'कष्टाने' नव्हे तर 'जेमतेम, क्वचितच' अशा अर्थाचा आहे हे कळलं. त्यानंतर ऑक्सफर्ड ५००० मधले वरचे दोन हजार घ्या. ते थोडे वरच्या पातळीचे आहेत. पुढे शिक्षणासाठी इंग्रजी वाचायचं असेल तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली केलेली ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट आहे, त्यात ५७० शब्दकुळं आहेत. 'ॲनलाइझ', 'ॲनॅलिसिस', 'ॲनॅलिटिकल' हे सगळं एक कूळ.

विरळणीचा माझा नियम: जो शब्द वाचनात दोनदा भेटला, तो ठेवायचा. एकदाच भेटलेला वहीच्या शेवटच्या पानावर. पुन्हा भेटला तर पुढे घ्यायचा. दिवसाला आठ शब्द, आठवड्यातले पाच दिवस. शनिवारी फक्त उजळणी, रविवारी सुट्टी. वर्षाचे दोन हजार होतात. त्यातले निम्मे पक्के झाले तरी ऑफिसमधले लोक विचारतात, की काय क्लास लावलाय का.

४. कोशातली नोंद शेवटपर्यंत वाचा

आपल्याला शाळेपासून सवय लागलेली असते ती इंग्रजी शब्द, बरोबरचं चिन्ह, मराठी शब्द, एवढ्याची. 'मेटिक्युलस = काटेकोर'. झालं. ही सवय मोडायला मला सहा महिने लागले.

लर्नर्स कोशाची गंमत अशी, की त्यातल्या व्याख्या मोजक्या सोप्या शब्दांत लिहिलेल्या असतात. लाँगमनच्या कोशात व्याख्यांसाठी साधारण दोन हजार शब्दच वापरलेत. म्हणजे ते दोन हजार येत असले की बाकीचा सगळा कोश तुम्हाला उघडा. व्याख्या कळली नाही तर अडचण त्या अवघड शब्दात नसते. खालचा एखादा सोपा शब्द कच्चा राहिलेला असतो. आधी तो पक्का करा.

माझं एक कार्ड जसंच्या तसं देते, 'मेटिक्युलस'चं:

- शब्द: मेटिक्युलस. विशेषण. जोर 'टि'वर.
- व्याख्या, माझ्या इंग्रजीत: व्हेरी केअरफुल अबाउट एव्हरी स्मॉल डीटेल.
- मराठी छटा: चोख, काटेकोर, बारीकसारीक बघणारा. स्तुतीचा शब्द.
- सोबती: रेकॉर्ड्स, प्लॅनिंग, रिसर्च. पुढे 'अबाउट' येतं.
- भाऊबंद: 'केअरफुल' साधा. 'स्क्रुप्युलस'मध्ये प्रामाणिकपणाही आला. 'फस्टिडियस' म्हणजे चोखंदळ, पटकन नाक मुरडणारा.
- उलट: केअरलेस. बोलीभाषेत स्लॅपडॅश, म्हणजे उरकून टाकलेलं.
- माझं वाक्य: आमची आई लोणच्याच्या बरण्यांबाबत मेटिक्युलस आहे. (कार्डावर अर्थातच इंग्रजीत लिहिलंय.)

सात ओळी. एका शब्दाला सात-आठ मिनिटं जातात, म्हणून दिवसाला आठच. 'सोबती' ही ओळ कधीही गाळू नका.

नोंदीत तिरप्या अक्षरात बारीक शेरे असतात. फॉर्मल, इन्फॉर्मल, डिसअप्रूव्हिंग, ओल्ड-फॅशन्ड, लिटररी. नवखे लोक नेमके तेवढेच सोडून वाचतात. या शेऱ्यांचं महत्त्व मला कळलं ते एका आपल्याच शब्दामुळे. कोशात 'डूलाली' असा शब्द आहे. ब्रिटिश, इन्फॉर्मल. अर्थ वेडसर, डोकं फिरलेला. हा शब्द म्हणजे आपलं देवळाली! मायदेशी परतायच्या बोटीची वाट बघत इंग्रज शिपाई देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहायचे. कंटाळ्याने आणि उन्हाने त्यांचं डोकं फिरायचं. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणायचे, टॅप म्हणजे आपला ताप. मी देवळाली कॅम्पच्या बसमध्ये बसून ही नोंद वाचली आणि एकटीच हसले. शेजारच्या काकूंनी संशयाने पाहिलं. शब्द कितीही जवळचा असला तरी शेरा 'इन्फॉर्मल' आहे, म्हणजे मित्राशी बोलताना चालेल, अर्जात नाही.

एक धोक्याची सूचना. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश फार सुंदर आहे आणि ऑनलाइन सहज मिळतो. मराठी शब्दांसाठी मी तो तासन्‌तास वाचते. पण त्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. त्यातलं इंग्रजीही तेव्हाचंच. तिथून शब्द उचलून आज मेलमध्ये घातलात तर समोरच्याला वाटेल, ईस्ट इंडिया कंपनीचं पत्र आलं.

५. समानार्थी म्हणजे समान नव्हे

थिसॉरस म्हणजे इंग्रजांचा अमरकोश. पीटर मार्क रॉजे नावाच्या एका डॉक्टरने १८५२ साली तो छापला. अमरकोश पाठ करणाऱ्याला संस्कृत आधीच येत असे. थिसॉरसचंही तसंच आहे: माहीत असलेला पण आठवत नसलेला शब्द शोधायला तो उत्तम. माहीत नसलेला शब्द त्यातून उचललात, की कंटेनर चालढकल करायला लागतो.

आपल्याच भाषेत बघा. पाणी, जल, नीर, उदक. शाळेत चारही समानार्थी. पण 'एक ग्लास उदक द्या' असं हॉटेलात म्हणून बघा. महापालिकेचा जलकुंभ असतो, आपल्या गच्चीवर पाण्याची टाकी असते, वास्तुशांतीच्या आधी उदकशांत असते. आणि रामकुंडावर तेच पाणी तांब्यात घेतलं की तीर्थ होतं. हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही, ऐकून ऐकून आलं. इंग्रजीत ते ऐकणं वाट्याला आलेलं नसतं, म्हणून तेवढं मुद्दाम शिकावं लागतं.

मी शब्दांची उतरंड लावते. आधी मराठीत, मग इंग्रजीत. समजा, पैसे जपून वापरणारा माणूस:

हिशेबी, काटकसरी, हात आखडता, चिक्कू, कंजूष, कवडीचुंबक. डावीकडून उजवीकडे कौतुक संपत जातं आणि शिवी सुरू होते, हे कुठल्याही मराठी माणसाला कळतं. आता इंग्रजी शब्द त्यावर बसवायचे. 'थ्रिफ्टी' आणि 'फ्रूगल' काटकसरीच्या बाजूचे, बहुधा कौतुकाचे. त्यातही 'फ्रूगल' जेवणालाही लागतो: पिठलं-भाकरीचं साधं, थोडक्यातलं जेवण म्हणजे 'फ्रूगल मील'. 'थ्रिफ्टी मील' तसं सहसा म्हणत नाहीत. 'इकॉनॉमिकल' गाडीला लागतो, कमी पेट्रोल खाणारी. 'स्टिंजी' म्हणजे आपला चिक्कू, बोलण्यातला. 'मायझरली' म्हणजे कवडीचुंबक. 'पार्सिमोनियस' चा अर्थ कंजूषच, पण कोट-टाय घातलेला, लेखी इंग्रजीतला. आजोबांच्या सत्काराच्या भाषणात 'ही वॉज पार्सिमोनियस' म्हणालात तर घरी जेवायला मिळणार नाही.

दुसरी उतरंड बोलण्याची. बोलका म्हणजे 'टॉकेटिव्ह'. 'लोक्वेशस' तसाच, पण भारदस्त. वायफळ गोष्टींवर न थांबता बोलणारा तो 'गॅरुलस', आपला बडबड्या. दोन वाक्यांच्या जागी दोन पानं लिहिणारा 'व्हर्बोस', आणि हा शब्द लिखाणाला, भाषणाला जास्त लागतो. उलट बाजूला 'टॅसिटर्न' म्हणजे स्वभावानेच घुमा. 'रेटिसन्ट' म्हणजे आतलं सांगायला नाखूश. तो एरवी गप्पा मारेल, पगार विचारला की गप्प. आणि 'लकॉनिक' म्हणजे मोजकं आणि नेमकं बोलणारा. हा ग्रीसमधल्या लकोनियावरून, म्हणजे स्पार्टाच्या प्रदेशावरून आलाय. मॅसिडोनच्या फिलिपने धमकी दिली म्हणतात, 'जर मी लकोनियात शिरलो, तर तुमचं शहर जमीनदोस्त करीन.' स्पार्टाने उत्तर धाडलं: 'जर.'

अशी एक उतरंड आठवड्याला एकच लावा, पण सावकाश. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारायचे. हा कौतुकाचा की टीकेचा? घरातला की कचेरीतला? माणसाला लागतो, वस्तूला लागतो, की दोघांना? माझ्या त्या मेलला तिसरा प्रश्न विचारला असता तर वाचले असते. 'प्रोक्रॅस्टिनेट'च्या पोटात लॅटिनमधला 'उद्या' आहे. काम उद्यावर ढकलणं. कंटेनरला कुठला आलाय उद्या.

६. विरुद्धार्थी: कुठल्या अर्थाच्या उलट?

शाळेतल्या जोड्यांनी एक गैरसमज करून दिलाय, की प्रत्येक शब्दाला एकच उलटा शब्द असतो. 'गोड'च्या उलट काय? द्राक्ष असेल तर आंबट. बोलणं असेल तर कडू. इंग्रजीतला 'ड्राय' घ्या. टॉवेल ड्राय असेल तर उलट 'वेट'. हवा ड्राय असेल तर 'ह्युमिड'. आणि वाइन ड्राय असेल तर उलट 'स्वीट'! गंगापूर धरणाकडच्या वायनरीत पाहुण्यांना फिरवणाऱ्या एका मुलाने मला हे सांगितलं होतं. त्याआधी ओली वाइन कशी असते याचा मी बराच विचार केला होता.

दुसरं, ताकद जुळली पाहिजे. 'हॉट'च्या उलट 'कोल्ड', 'वॉर्म'च्या उलट 'कूल'. मधे 'टेपिड', म्हणजे कोमट. तो पाण्यालाही लागतो आणि थंड्या प्रतिसादालाही. परीक्षेतल्या पर्यायांमध्ये दिशा बरोबर पण ताकद कमी असा एखादा शब्द हमखास ठेवलेला असतो. विरुद्धार्थी विचारलेल्या प्रश्नात एक पर्याय समानार्थीही असतो. घाईत तोच निवडला जातो. कच्च्या कागदावर 'उलट' असं लिहून मगच पर्याय वाचायचे, ही सवय मला फळली.

तिसरा सापळा उपसर्गाचा. पुढे 'इन' दिसला की उलट, असं धरून चालू नका. टँकरच्या मागे 'इनफ्लेमेबल' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 'फ्लेमेबल' इतकाच: पेट घेणारा. मागच्या गाडीवाल्याने उलटा अर्थ लावला तर काय होईल, विचार करा. 'इन्फेमस' म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे बिनकिमतीचा नव्हे. पण हे लक्षात ठेवायला आपल्याकडे 'अमूल्य' आहेच, 'अ' लागूनही किंमत वाढलेला. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस नाही तो. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही तो, निःपक्ष. न्यायाधीश दुसरा हवा, पहिला नको.

काही शब्द स्वतःच स्वतःच्या उलट असतात. बँक कर्ज 'सँक्शन' करते म्हणजे मंजूर करते, आणि एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादतात तेव्हा निर्बंध. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि नजरचूकही. आपण नारळ फोडतो आणि 'वाढवला' म्हणतो, तेव्हा याचं फार आश्चर्य वाटून घेऊ नये.

७. मुळाशी गेलात तर ओळखीचे निघतात

मराठी माध्यमाचा मला न्यूनगंड होता. तो गेला तो या पायरीवर. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं मांडलं. आपल्याला त्याचा रोकडा उपयोग आहे. वरच्या पातळीचं इंग्रजी ग्रीक-लॅटिनने भरलेलं आहे, आणि ते शब्द संस्कृतचे चुलतभाऊ लागतात.

ग्रीक नकाराचा उपसर्ग 'अ', आणि पुढे स्वर आला की 'अन्'. आपलाही अगदी हाच नियम: अमर, पण अनंत. 'ॲनॉनिमस' फोडा: अन् आणि नाव. म्हणजे सरळ अनाम! 'डिस' हा ग्रीक उपसर्ग, वाय घालून लिहितात तो, आपला दुस्, दुर्. आणि 'यू' म्हणजे आपला सु. 'यूलजी' म्हणजे चांगलं बोलणं, गौरवपर भाषण. 'यूफमिझम' म्हणजे वाईटाला चांगलं नाव देणं, सुवचन. नारळ वाढवणं हे त्याचं अस्सल मराठी उदाहरण. 'डेंटल'मध्ये दंत, 'पेडेस्ट्रियन'मध्ये पद, 'मॉर्टल'मध्ये मर्त्य, 'मॅग्नॅनिमस'मधल्या 'मॅग्न'मध्ये महा. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे मोठ्या मनाचा.

संधीसुद्धा सारखी. उत् अधिक लेख, उल्लेख. इन अधिक लीगल, 'इल्लीगल'. म्हणून त्यात दोन एल. स्पेलिंग पाठ करायची गरजच नाही.

मात्र दिसायला सारखे ते सगळे नातेवाईक नसतात. इंग्रजी 'बॅड' आणि बदनाममधला फारसी 'बद' यांचा काडीचा संबंध नाही. कोशात शब्दाची व्युत्पत्ती दिलेली असते, ती बघितल्याशिवाय नातं जोडू नका.

८. उच्चार

थोडक्यात: कोशातलं स्पीकरचं चित्र दाबा, तीन वेळा ऐका, मग मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात नको. 'एपिटोम' नव्हे, एपिटमी. 'हायपरबोल' नव्हे, हायपर्बली. 'सटल'मध्ये बी मुका. 'इंडाइट'मध्ये सी मुका. हे चारही मी मुलाखतीत किंवा मीटिंगमध्ये चुकलेले आहेत.

९. उजळणी: तीन पनेट

१८८५ साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले. पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांतच सगळ्यात वेगाने गळतं, नंतर गळती मंदावते, असं त्याला दिसलं. म्हणून पहिली उजळणी त्याच रात्री. पुढे सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७०च्या दशकात कार्डांच्या पेट्यांची पद्धत लोकप्रिय केली. माझी पनेट हे त्याचं पिंपळगावी रूप.

पहिल्या पनेटमधली कार्डं रोज. बरोबर आलं की कार्ड दुसऱ्यात. दुसरं पनेट दर शनिवारी. तिथेही आलं की तिसऱ्यात, ते महिन्याला एकदा. कुठेही चुकलं की कार्ड थेट पहिल्यात. लाड नाहीत.

'आलं' म्हणजे काय, याबाबत कडक राहा. मराठी अर्थ आठवला तर ते अर्धंच आलं. एक सोबती आणि एक नवं वाक्य तोंडी सांगता आलं तर आलं. अंकी वापरत असाल तर हे हिशेब ॲप करतं, पण दुसऱ्यांनी केलेले तयार संच उतरवून घेऊ नका. कार्ड लिहितानाच निम्मं पाठ होतं. सिटीलिंकच्या बसमध्ये नाशिकरोड ते कॉलेजरोड एवढ्या वेळात पहिलं पनेट आरामात संपतं. मात्र खिडकीशी बसू नका, माझी दोन कार्डं द्वारका चौकात उडाली.

१०. शब्द घराबाहेर काढा

रोज रात्री पाच ओळी, त्या दिवशीच्या शब्दांपैकी तीन वापरून. विषय आपलाच हवा: कांद्याचा भाव, शेजारच्या काकांचं भांडण, ऑफिसातला चहा. आठवड्यातून एकदा ते कोणाला तरी दाखवा. माणूस नसेल तर एआय चॅटला विचारा, पण प्रश्न नीट विचारा. 'बरोबर आहे का' असं विचारलं की ते बहुतेक वेळा कौतुकच करतं. 'या वाक्यात हा शब्द इंग्रजी भाषकाला खटकेल का, आणि का' असं विचारा, आणि मिळालेलं उत्तर कोशाशी ताडून बघा.

एका मेलमध्ये एकच नवा शब्द. दोन घातले की वाचणाऱ्याला तुम्ही दिसायला लागता, मजकूर दिसत नाही. आणि जिथे 'यूज' चालतो तिथे 'युटिलाइझ' घालू नका.

हंगामात, म्हणजे जानेवारी ते मार्च, माझी कार्डं सपशेल बंद पडायची. निर्यातीच्या दिवसांत रात्री अकराला घरी येऊन कोण पनेट उघडणार. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये मी सगळी कार्डं पुन्हा पहिल्या पनेटमध्ये टाकली, साडेतीनशेचा ढीग बघून महिनाभर हात लावला नाही. तुमच्याही अभ्यासात असा खंड पडेलच. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या पनेटला हात लावू नका, नवे शब्दही घेऊ नका. पहिल्या पनेटमधली वीस कार्डं उचला, बाकीची झाकून ठेवा. वीस झाली की पुढची वीस. तिसऱ्या पनेटवर वेळ येईपर्यंत तिथली बरीचशी पक्की राहिलेली आढळतात. 'प्रोक्रॅस्टिनेट'चं कार्ड मी अजून पहिल्यातच ठेवलंय, पाठ असूनही.